मावससासूबाईंचं गुऱ्हाळ

जिच्या धाकानं झाडंसुद्धा वेळेवर रस सोडतात अशी व्यक्ती माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघाली. नात्यानं माझी मावससासू. वय एकाहत्तर, उंची पाच फूट, त्यातले दोन फूट हिवाळ्यात बर्फाखाली. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात अडतीस वर्षं त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. म्हणजे समोरच्याला झोपवायचं आणि आपण डोळ्यांत तेल घालून जागं राहायचं. त्याचा परिणाम असा झाला, की जागेपणी इकडेतिकडे करणाऱ्या माणसावर त्यांचा मुळी विश्वासच नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा पिस्कॅटवेला आमच्या अपार्टमेंटमध्ये येऊन त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?" मी लाजत लाजत सांगितलं. त्या मनातल्या मनात काहीतरी हिशेब करून म्हणाल्या, "बरं आहे." मला किती भूल लागेल याचा अंदाज त्यांनी घेतला होता, हे मला वर्षभरानं कळलं.

रिटायर झाल्यावर आपली माणसं काय करतात? फ्लोरिडात घर घेतात, क्रूझवर जातात, नाहीतर मंडळाच्या कमिटीत शिरून भांडतात. मावशी आणि काका पानगळीचे रंग बघायला व्हरमाँटला गेले. काका, म्हणजे मावशींचे यजमान, हाडाचे इंजिनियर. ते बिचारे लाल-पिवळ्या डोंगरांचे फोटो काढत होते. मावशींनी डोंगरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना दिसल्या नळ्या. मेपलच्या खोडाला बारीक भोक पाडून त्यात तोटी बसवतात आणि तिथून निळ्या प्लॅस्टिकच्या नळीतून रस या झाडावरून त्या झाडावर, उताराउतारानं खाली टाकीत येतो. अख्खं जंगल सलाइन लावून उभं! मावशी दहा मिनिटं एकटक बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे मला येतं." काकांनी कॅमेरा खाली ठेवला. तीन महिन्यांत शेत त्यांच्या नावावर होतं: सहाशे झाडं, एक जुनं लाकडी घर आणि रस आटवून गोड सिरप करायची शेड. शेडला तिथले लोक शुगरहाउस म्हणतात, पण मावशी मूळच्या कोल्हापूरकडच्या. त्यांनी पहिल्या दिवसापासून तिला गुऱ्हाळ करून टाकलं. नुसतं नाव देऊन त्या थांबल्या असत्या तर ठीक होतं. लहानपणी मामांच्या गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी काढायला काहिलीत भेंडीचा चीक घालताना त्यांनी पाहिलं होतं. पहिल्याच वर्षी न्यू जर्सीत आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून दहा पौंड भेंडी आणून तोच प्रयोग त्यांनी मेपलवर केला. ते सिरप ज्यांनी ज्यांनी पॅनकेकवर ओतून घेतलं, ते शेजारीपाजारी अजूनही बाटली घेताना आधी नाकाशी धरून बघतात. मावशींनी मात्र वहीत शांतपणे नोंद केली: "भेंडी. कॉम्प्लिकेशन. पुन्हा देऊ नये."

ही वही म्हणजे एक प्रकरण आहे. सहाशे झाडांना सहाशे नंबर, आणि प्रत्येकाचा केस पेपर. "एकशे चाळीस. वय अंदाजे नव्वद. उत्तर बाजूला जुनी जखम. प्रकृती नाजूक, एकच तोटी." भोक पाडायचं ते जुन्या भोकापासून लांब, किंचित वरच्या दिशेनं, आणि ड्रिल लावण्याआधी खोडावर दोन बोटांनी टिचक्या मारून झाडाला सांगायचं, "थोडंसं टोचेल हं." हे मी माझ्या या कानांनी ऐकलेलं आहे. खारी नळ्या कुरतडतात म्हणून एका वर्षी त्यांनी दोन एकरांतल्या नळ्यांना कोल्हापूरहून आलेला कांदा-लसूण मसाला चोळला. तीन दिवस एक खार फिरकली नाही. चौथ्या दिवशी खारींनी साध्या नळ्या सोडून आधी मसाल्याच्या नळ्या फस्त केल्या. मावशी खिन्न झाल्या नाहीत, उलट मला फोन करून जरा अभिमानानंच म्हणाल्या, "जावईबापू, चव कळते हो त्यांना!"

जावईबापू म्हणजे मी. आता जावयाचा मान काय असतो हे मी सांगायला नको. चौरंग, जेवणात गोड, निघताना हातात पाकीट. मावशी मला कधी अरेतुरे करत नाहीत, आवाज चढवत नाहीत. "जावईबापू, तुम्ही दमला असाल, आधी चहा घ्या," असं म्हणतात, चहा देतात, आणि कप खाली ठेवायच्या आत, "आता तेवढी लाकडं आत आणता का?" म्हणून विचारतात. ती तेवढी लाकडं म्हणजे एक ट्रक असतो. पुण्यात माझ्या आईनं मला कधी पाण्याचा तांब्या भरू दिला नाही. इथं मी रबरी बूट घालून गुडघाभर चिखलात लाकडं वाहिली आहेत, आणि कंबर धरून बसलो की मावशी प्रेमानं माझी नाडी बघून "चालेल" म्हणतात.

पण मावशींचा खरा कणा म्हणजे त्यांचा एक नियम, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञानं जागा सोडायची नाही. बदलीचा डॉक्टर येऊन, सगळं समजून घेऊन, "आता पेशंट माझा" असं म्हणेपर्यंत हलायचं नाही. या बदलीच्या डॉक्टरला मावशी रिलीव्हर म्हणतात. अडतीस वर्षं घरातलं प्रत्येक कार्य या रिलीव्हरच्या भरवशावर होतं. त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता, तिच्या सातव्या वाढदिवसाला केकवरच्या मेणबत्त्या तीनदा लावल्या आणि तीनदा विझवल्या; शेवटी पाहुणे गेले आणि मग मावशी आल्या. "सॉरी राजा, रिलीव्हरच आला नाही." हे वाक्य ऋजुतानं लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की त्या शब्दाचा तिला अगदी तिटकारा. ती आता टेक्सासात, प्लेनोला मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं, आणि हट्ट मात्र शुद्ध कोल्हापुरी.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. दिवस झाल्यावर ऋजुता म्हणाली, "आई, धिस इज क्रेझी. डोंगरावर एकटी, त्यात ती भट्टी!" मावशी हलेनात. शेवटी दोघींमध्ये करार झाला. एक वर्ष. पुढचा हंगाम संपेपर्यंत मावशींनी शेत चालवायचं, आणि काही अपघात न होता चालवून दाखवायचं. जमलं, तर ऋजुता पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर मावशींनी शेत सोडून प्लेनोला यायचं. जावयाची मदत ही मदत धरायची नाही, यावर दोघींचं पटकन एकमत झालं. आणि मग ऋजुतानं मला बाजूला घेऊन हेर नेमलं. "जिजू, यू गो एव्हरी टू मंथ्स. जस्ट टेल मी ऑनेस्टली. इज शी सेफ? येस ऑर नो?"

म्हणून मी गेलो. मे महिन्यात गेलो तेव्हा मावशी जंगलात जमिनीवर आडव्या पडलेल्या.  धावत गेलो तर त्या एक बोटभर रोपटं भिंगातून बघत होत्या. "मेपलचं आहे. याला रस यायला चाळीस वर्षं लागतील." मी म्हटलं, "मावशी, चाळीस वर्षांनी आपण..." त्या म्हणाल्या, "आपला काय संबंध? त्याला उन्हाची अडचण होतेय, ती फांदी तोडा." जुलैत गेलो, तर डासांच्या ढगात उभ्या राहून नळ्यांची जोडणी तपासत होत्या. ऑक्टोबरात सगळा डोंगर पेटल्यासारखा लाल झालेला, रस्त्यावर टूरिस्टांच्या गाड्यांची रांग, आणि एक जोडपं मावशींना म्हणालं, "किती सुंदर झाडं आहेत तुमची!" मावशी म्हणाल्या, "थँक यू. त्यांतल्या सतरांना बुरशी आहे." दर खेपेला परतताना मी ऋजुताला येस पाठवायचो. खरं सांगायचं तर येस का नो याचा मी विचारच करत नव्हतो. मी फक्त थक्क होऊन घरी येत होतो.

फेब्रुवारीत तोट्या बसवायच्या. पायात बर्फावर चालायची पसरट चपटी पायताणं, कमरेला ड्रिल, गळ्यात वही, आणि उणे पंधरात रोज साठ झाडं. पलीकडच्या शेतातला म्हातारा, ज्याच्या घराण्यात चार पिढ्या सिरप करतात, तो कुंपणाशी उभा राहून बघायचा. एकदा तो मला म्हणाला, "तुमची डॉक्टर झाडांशी बोलते ना?" मी ओशाळलो. तो म्हणाला, "आमची आजीही बोलायची. पण तिची झाडं इतकी ऐकत नसत."

आणि मग मार्च. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळवणारं ऊन, असं जमून आलं की रस वाहतो. त्या दिवशी सकाळी दहा वाजता मावशींनी मला हाताला धरून टाकीपाशी उभं केलं. "गप्प उभे राहा." मी उभा. ऊन उतरत उतरत खोडांपर्यंत आलं. वरच्या नळीत एक बुडबुडा हलला. मग त्याच्या मागून दुसरा. मग सगळ्या डोंगरभर, जिथवर नजर जाईल तिथवर, निळ्या नळ्यांतून पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी एकदम खाली धावायला लागलं आणि टाकीत पहिली धार पडली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कोणी बटण दाबलं नव्हतं, कोणी हाक मारली नव्हती. मी मावशींकडे पाहिलं. इतकी वर्षं झाली, दर वर्षीचंच, तरी त्यांनी हात जोडले होते. "शुद्धीवर आली बघा मंडळी," त्या हळूच म्हणाल्या.

तिथून पुढं बोलायची सोय नाही. चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा एक बादली सिरप. रस आला की आलाच, तो थांबत नाही, ठेवला तर नासतो. गुऱ्हाळात लांबरुंद पॅन, खाली लाकडांची भट्टी, छताच्या झडपांतून वाफेचे लोट. पॅनमध्ये पातळी कमी झाली की एक तरंगता फ्लोट खाली जाऊन टाकीतला रस आत घेतो. फेस फसफसून काठापर्यंत आला की मावशी साजूक तुपाचा चमचा पॅनवर धरायच्या, एक थेंब पडायचा, आणि वर्गात हेडमास्तर यावेत तसा सगळा फेस गुपचूप खाली बसायचा. थर्मामीटर होता, पण त्यांचा विश्वास पळीवर. पळी उचलून धार बघायच्या: "एकतारीच्या जरा अलीकडं. काढा!" वाफ बघून शेजारी जमायचे. गरम सिरप ताज्या बर्फावर ओतून त्याची चिकट लडी काट्यानं गुंडाळून खायची आणि वर आंबट काकडीचं लोणचं चावायचं, ही तिथली पद्धत. मावशी काकडीऐवजी लिंबाचं लोणचं द्यायच्या. पलीकडचा म्हातारा आता स्वतःच्या घरीही तेच मागतो म्हणतात.

तिसऱ्या आठवड्यात रस असा सुटला की तीन दिवस खळ नाही. मी ऑफिसात सुट्टी टाकून गेलो होतो. मावशी मला रात्री घरात झोपायला पाठवायच्या आणि स्वतः पॅनपाशी. मी म्हटलं, "मावशी, मी बसतो, तुम्ही पडा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही एखाद्या वॉर्डबॉयनं ऑपरेशन करतो म्हटलं. "तुम्हांला फेस कळतो का?" नव्हता कळत. चौथ्या दिवशी दुपारी लाकडं आणायला म्हणून मी बाहेर पडलो आणि फोनला रेंज मिळते तिथं, रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. ऋजुताचा मेसेज आला होता: जिजू, येस ऑर नो? मी दोन्ही अंगठ्यांनी लिहायला घेतलं. येस, येस, शी इज अमेझिंग, शी डझन्ट ईव्हन स्लीप. आणि तेवढ्यात वास आला. गूळ करपल्याचा.

मी पळालो. आत सगळा काळा धूर. फ्लोट अडकला होता, रस आत येणं थांबलं होतं, आणि पॅनचा तळ कोरडा पडून तडतडत होता. मावशी खुर्चीत. हातात तुपाचा चमचा, मान खांद्यावर, गाढ झोपलेल्या. क्षणभर मला वाटलं... जाऊ द्या, काय वाटलं ते. मी कच्च्या रसाची बादली उचलून पॅनमध्ये ओतली, वाफेचा लोट उसळला आणि मावशी दचकून उठल्या. पॅन वाकडा झालेला, तळाला बोटभर कोळसा. बाकी कुठं काही नाही, दोघंही धडधाकट. मावशींनी आधी पॅनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. खिशातून वही काढली आणि लिहिलं: "दुपारी दोन पस्तीस. भूलतज्ज्ञ झोपली."

"मावशी," मी म्हणालो, "ऋजुताला कशाला सांगायचं? पॅनच जळलाय. पॅन मी नवा आणतो. कुणाला कळणारसुद्धा नाही." माझा आवाज रडवेला झाला होता, खोटं कशाला बोलू. मला त्या तिथून जायला नको होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो जावईबापू, पेशंट वाचला म्हणून रिपोर्ट करायचा नाही असं नसतं." आणि टपालपेटीपर्यंत चालत गेल्या. मी दाराशी उभा राहून पाहत होतो. फोनवर दोन मिनिटंसुद्धा बोलल्या नाहीत. परत येऊन त्यांनी पलीकडच्या म्हाताऱ्याकडून त्याचा जुना पॅन मागून आणवला, भट्टी पुन्हा पेटवली आणि उभ्या राहिल्या. खुर्ची त्यांनी भिंतीकडं तोंड करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋजुता आली. पायांत शहरी बूट, ते दारापर्यंतच चिखलानं भरलेले. मी जीव मुठीत धरून कोपऱ्यात लाकडं रचत होतो. आता भांडण होणार, मावशी काही बोलणार नाहीत, आणि ही त्यांना गाडीत घालून नेणार. मावशींनी मागं वळून पाहिलं नाही. नजर फेसावर. कालपासून त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. ऋजुतानं भिंतीकडं तोंड केलेली खुर्ची पाहिली. मग तिनं कोट काढला, बाह्या वर केल्या, पॅनपाशी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई. आय ॲम युअर रिलीव्हर."

मावशींचा चमचा हवेत थांबला. मग त्या ताठ झाल्या, आणि मुलीशी आयुष्यात कधी बोलल्या नसतील त्या आवाजात, एका डॉक्टरनं दुसऱ्याला सांगावं तसं, सगळं सांगायला लागल्या. पातळी दोन इंच. फ्लोट डावीकडे अडकतो, दर दहा मिनिटांनी टिचकी मार. तूप एक थेंब, दोन नाही. भट्टीत लाकूड दर सात मिनिटांनी. टाकीत अजून दोनशे गॅलन. "एनी क्वेश्चन्स?" ऋजुता म्हणाली, "नो." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण तोवर तिची नजरही फेसावर गेली होती. "पेशंट माझा," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. मावशींनी तिच्या हातात चमचा दिला, घरात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपल्या.

हंगाम ऋजुतानं आणि मी पुरा केला. पहिल्या दोन पॅनांतलं सिरप चॉकलेटसारखं काळं झालं, पण झालं. एप्रिलमध्ये कळ्या फुगल्या, रसाला उग्र वास येऊ लागला, म्हणजे संपलं. एव्हाना ऋजुताच डळमळीत झाली होती. जेवताना म्हणाली, "आई, यू कॅन स्टे. रिअली." मावशी म्हणाल्या, "नाही गं. ठरलं होतं ते ठरलं होतं. आणि हँडओव्हर दिल्यावर थिएटरमध्ये घुटमळायचं नसतं." तोट्या मात्र त्यांनी स्वतः काढल्या, सहाशेच्या सहाशे. मी मागून बादली घेऊन. प्रत्येक तोटी उपटली की खोडावर हलकेच थोपटायच्या आणि म्हणायच्या, "झालं हं ऑपरेशन. डोळे उघडा." मला वाटलं होतं, शेवटच्या झाडापाशी तरी त्या रडतील. त्या रडल्या नाहीत, बादली घेऊन मी रडलो.

शेत विकलं नाही. ते आता ऋजुताचं आहे. वर्षभर पलीकडचा म्हातारा नजर ठेवतो, आणि फेब्रुवारी लागला की ती सुट्टी घेऊन येते, जावईबापूंना न विचारता गृहीत धरून. मावशी प्लेनोला असतात. फोन केला की तक्रार एकच: "सगळं छान आहे हो इथं, पण रात्री गोठतच नाही."

यंदाच्या मार्चमध्ये ऋजुता त्यांनाही घेऊन आली. गुऱ्हाळात त्या आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या, हात मांडीवर. कशाला हात लावला नाही, एक सूचना केली नाही; मी तर चाटच पडलो. तिसऱ्या प्रहरी फेस चढायला लागला. ऋजुता भट्टीपाशी वाकलेली, पाठ आमच्याकडे. फेस काठाशी आला आणि मावशींचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, दोन बोटं चमचा धरल्यासारखी जुळलेली. मी ओरडणारच होतो. तेवढ्यात ऋजुतानं न बघताच मागं हात करून चमचा उचलला आणि एक थेंब सोडला. फेस बसला. मावशींचा हात सावकाश मांडीवर परत आला. त्या थोडा वेळ मुलीच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान खुर्चीला टेकली, डोळे मिटले, आणि भट्टीच्या उबेत, भर दुपारी, पॅनपासून चार हातांवर त्यांना झोप लागली. ऋजुतानं वळून पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं, आणि आम्ही त्यांना उठवलं नाही.